घड्याळातलं दूध

दुरुस्तीबाईंच्या पर्समध्ये कायम एक लाल पेन असायचं, आणि ते शोभेला नव्हतं. दवाखान्याच्या दारावरची सूचना, न्हाव्याच्या दुकानातलं दरपत्रक, इमारतीच्या लिफ्टमध्ये चिकटवलेली नोटीस, बाईंच्या नजरेला पडलेली एकही इंग्रजी ओळ धडधाकट सुटली नाही. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. औषधाच्या दुकानदाराने नवी पाटी करायला टाकली, की तो रंगाऱ्याला आधी बाईंच्या दारात उभा करायचा. नंतर शिडी लावून खोडाखोड कोण करणार?

बाईंनी लग्न केलं नाही. का केलं नाही याच्या गल्लीत तीन कथा फिरतात. त्यातली सगळ्यात चविष्ट अशी, की एका स्थळाकडून आलेलं इंग्रजी पत्र त्यांनी तपासून, खाली गुण देऊन परत पाठवलं. बाई ही कथा नाकारत नाहीत. "गुण दिले नव्हते," एवढंच म्हणतात.

अशी बाई निवृत्त होऊन घरी बसली म्हणजे घरच्यांची काय गत होणार? बाई राहायच्या थोरल्या बहिणीबरोबर, इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. थोरल्या ताईचे यजमान जाऊन बारा वर्षं झालेली, मुलंबाळं नाहीत, आणि आवाज असा की खालचा पहारेकरी तिला 'सरकार' म्हणायचा, अर्थात पाठीमागे. चौथ्या मजल्यावर दोघींचा धाकटा भाऊ. विमा कंपनीत मोठा साहेब, डोक्यावर केस नावालाही उरलेले नाहीत, तरी दोघी त्याला अजून 'बाळ' म्हणायच्या. पाहुण्यांसमोरही म्हणायच्या. बाळची बायको स्वभावाने शांत. किती शांत ते पुढे कळेलच.

तर निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, छप्पन्नाव्या वर्षी, बाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि सांगितलं, "मी परदेशी चालले. वर्षाचा करार आहे. इंग्रजी शिकवायला."

बाळच्या हातातला घास हातातच राहिला. "कुठल्या परदेशी? तिथे कोण आहे आपलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर चालले."

आणि गेल्या की! चपलांच्या दुकानावर दोन मजल्यांची ती भाषाशाळा. वरच्या मजल्यावर बाई बसचालकांना, दातांच्या डॉक्टरांना, बँकेतल्या कारकुनांना इंग्रजी शिकवायच्या. ती माणसं मँडरिन, म्हणजे चिनी, बोलणारी. शाळेचा नियम असा, की शिकवणाऱ्याला खालच्या मजल्यावरचा मँडरिनचा वर्ग फुकट. बाईंनी फुकटातलं काही सोडलं असतं तर त्या आपल्या थोरल्या बहिणीची बहीणच शोभल्या नसत्या.

पण खालच्या मजल्यावर गंमत झाली. वर्गात एक पोहायला शिकवणारा दांडगा गडी, एक परिचारिका, आणि एकमेकांच्या प्रेमात पडलेली दोन कॉलेजातली पोरं. सगळे परके, सगळे नवशिके, आणि त्या सगळ्यांत ढ कोण? तर दुरुस्तीबाई! मँडरिनच्या मॅडम जेमतेम अठ्ठावीस वर्षांच्या. बाईंनी चौकटीच्या वहीत अक्षर काढलं की त्या पुऱ्या झालेल्या अक्षराकडे बघूनच सांगायच्या, "ही उभी रेघ तुम्ही आधी काढलीत. आडवी आधी काढायची." चोर पकडावा तसं. बाईंनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या रंगवल्या, आता त्यांची वही पहिल्यांदा लाल झाली. पहिल्या दिवशी त्या खोलीवर येऊन ती वही समोर ठेवून बसल्या, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते शेजारच्या खोलीतल्या बाईने भिंतीवर टकटक करेपर्यंत थांबेना. इतकं चुकायला मिळेल असं त्यांना या वयात वाटलंच नव्हतं.

वर्ष कसं उडालं कळलं नाही. करार पुन्हा दोन वर्षांसाठी झाला, आणि त्याच आठवड्यात बाळचा फोन आला. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, तू ये.

बाईंनी तीन महिन्यांची रजा काढली. येताना सामान तिथेच ठेवलं, रेनकोटसुद्धा दाराच्या खिळ्याला. याचा अर्थ घरातल्या कुणी समजून घेतला नाही, किंवा समजूनही तिकडे काणाडोळा केला.

ऑपरेशन झकास झालं. व्यायाम करवून घ्यायला येणारी मुलगी दुसऱ्या महिन्यातच म्हणाली, "आजी आता पळतील." पण आजी काही पळेनात. उठताना "आई गं", बसताना "आई गं", काठी टेकत खुर्चीपासून टेबलापर्यंत जाणं म्हणजे यात्राच. बाळ रोज संध्याकाळी वरून खाली येऊन तोंड बारीक करून बसायचा. "ताई पूर्ण बरी होईपर्यंत तुझं जाण्याचं नावही काढू नकोस हं," तो बाईंना म्हणायचा. भावजय दोन्ही वेळचा डबा पाठवायची. बाईंसाठी मागची खोली नव्याने रंगवून झाली. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईही एकदा येऊन गेल्या, आठवड्यातून तीन दिवस येता का विचारायला. चारी बाजूंनी अशी मायेची नाकेबंदी.

तिकडून भाषाशाळेच्या संचालिकाबाईंचं पत्र आलं. नवीन सत्र एक तारखेला सुरू. येणार की नाही ते या शुक्रवारी, तुमच्या घड्याळाने संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. नाही कळवलंत तर तुमचे तास दुसऱ्यांना देऊ, म्हणजे अर्थातच खालच्या वर्गातली जागाही जाईल.

बाईंनी ते पत्र चार वेळा वाचलं. लाल पेनाला हात लावला नाही, यावरून मनाची अवस्था ओळखा.

मँडरिन मात्र त्यांनी इथेही सोडलं नव्हतं. दर बुधवारी सकाळी कॉम्प्युटरवर तास चालायचा, समोर सगळा वर्ग. आणि मॅडमची एक पद्धत होती. पुस्तक मिटायचं आणि घर वाचायचं. दर रविवारी आठ नवे शब्द पुस्तकातून पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांवर उतरवायचे, नुसती अक्षरं आणि त्यांचा उच्चार. अर्थ लिहायचा नाही, तो ज्या वस्तूवर चिठ्ठी आहे त्या वस्तूकडून घ्यायचा. रविवारी चिकटवायचं, बुधवारपर्यंत येताजाता पाठ करायचं. साखरेच्या डब्यापासून दाराच्या कडीपर्यंत सगळं घर पिवळं झालेलं.

"हे घर आहे की औषधाचं दुकान?" थोरली ताई विचारायची. "उद्या माझ्याही कपाळावर लावशील."

"लावली असती. पण भांडखोरला काय म्हणतात ते अजून शिकवलं नाहीये."

त्या रविवारीही बाईंनी आठ चिठ्ठ्या लावल्या. फ्रीज, भिंतीवरचं घड्याळ, खिडकीची वरची चौकट, खुर्ची, छताला टेकलेलं उंच कपाट, आरसा, उशी, बादली. लावून झाल्यावर दोन तास बाजारात गेल्या. सोमवार, मंगळवार येताजाता पाठांतर केलं. बुधवारी सकाळी केस नीट विंचरून कॉम्प्युटरसमोर बसल्या.

"तुमच्या घराबद्दल सांगा," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी घसा साफ केला आणि त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अस्खलित मँडरिन बोलल्या. "रोज सकाळी मी घड्याळ उघडते आणि त्यातून दूध काढते. फ्रीजमध्ये आता नऊ वाजले आहेत. माझी मोठी बहीण दिवसभर खिडकीवर बसते. रात्री मी बादलीवर डोकं ठेवून झोपते."

पोहायला शिकवणारा गडी टेबलाखाली गेला तो वर येईना. प्रेमातली पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होती. मॅडमनी मोठ्या कष्टाने चेहरा सरळ ठेवला. "उच्चार उत्तम," त्या म्हणाल्या. "फक्त बहिणीला आधी खिडकीवरून खाली उतरवा."

तास संपला. बाईंनी पुस्तक काढलं आणि खोलीखोलीतून ताडून पाहिलं. शब्द बरोबर उतरवले होते. पण आठच्या आठ चिठ्ठ्यांनी जागा बदलल्या होत्या! घड्याळाची फ्रीजवर, फ्रीजची घड्याळावर, उशीची बादलीवर, असा सगळा गोंधळ. पहिल्यांदा बाईंना संताप आला तो तीन दिवस चुकीचं पाठ केल्याचा. मग त्या घड्याळाखाली उभ्या राहिल्या आणि त्यांचा संताप हळूहळू कुतूहलात बदलला. घड्याळ भिंतीवर, हात वीतभर कमी पडेल इतकं उंच. उंच कपाट तर त्याहून वर. रविवारी त्यांनी स्वतः मोठं स्टूल ओढून, त्यावर चढून चिठ्ठ्या लावल्या होत्या.

घरात माणसं दोनच. त्यातल्या एकीला तर ताटसुद्धा उचलवत नव्हतं.

थोरली ताई खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होती. काठी शेजारी टेकवलेली. बाई समोर जाऊन बसल्या.

"ताई, रविवारी मी बाजारात गेले तेव्हा कोण आलं होतं?"

"कोण येणार? आम्हा लंगड्यांकडे कोण येतं?"

"मग घड्याळावरची चिठ्ठी कुणी हलवली?"

"वारा आला असेल."

"वाऱ्याने घड्याळावरची काढली आणि फ्रीजवर लावली?"

"तुझं तूच लावलं असशील उलटंसुलटं. वय झालं आता तुझं."

"फ्रीजची चिठ्ठी घड्याळावर उलटी लावली होती. अक्षर डोक्यावर उभं. सोमवारी स्टुलावर चढून मीच सरळ केली, तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी आणि उलटं अक्षर लावीन?"

हा मुद्दा बिनतोड होता. उलट्या अक्षरापेक्षा बाई मरण पत्करतील हे ताईला पक्कं ठाऊक. तिने वर्तमानपत्र थोडं वर घेतलं, आणि त्यामागून आवाज आला, "धूळ किती बसली होती तुला कल्पना आहे? पुसायला चिठ्ठ्या काढल्या, परत कुठली कुठे ते मला काय कळतं? तुला धूळ दिसत नाही. फक्त अक्षरं दिसतात."

"म्हणजे तू स्टुलावर चढलीस!"

"एकदाच."

"दोनदा. कपाट आहे खोलीच्या त्या टोकाला."

वर्तमानपत्र खाली आलं. सरकारचा चेहरा पडला होता. पण सरकारच ती, पडल्या चेहऱ्यानेही हल्लाच केला. "मग? बरी झाले तर काय गुन्हा झाला? मी बरी झाले, की तू निघालीस. बाळकडे जावं तर तो हो म्हणतो. काहीही बोला, हो. त्याची बायकोही हो. माणूस हो-हो ऐकून किती दिवस काढणार? तू असलीस की निदान सकाळी उठल्याबरोबर कुणीतरी नाही म्हणतं."

बाई म्हणाल्या, "मलाही इथे सगळे हो म्हणतात. औषधवाला हो, रंगारी हो. तिथे दिवसातून चाळीस वेळा चुकतेस म्हणतात मला. जिवात जीव येतो."

"मी म्हणते की तुला चुकतेस!"

"तू म्हणतेस, पण तेव्हा चुकलेली तू असतेस."

यावर ताई काहीतरी सणसणीत बोलणार होती, पण बाई उठून मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. बाळला सांगायचं का? सांगितलं तर मार्ग मोकळा. पण सबंध इमारतीत ताईचं हसं होईल. दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहायच्या, त्यांना कुणकुण लागली की पाचव्या मिनिटाला पहारेकऱ्याला कळणार. आयुष्यभर लोकांच्या चुका चव्हाट्यावर मांडलेल्या बाईंना ही एक चूक काही मांडवेना. नाही सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. शुक्रवारचे पाच वाजून जातील, तास दुसऱ्याला मिळतील, झालं. रेनकोट मागवून घेऊ.

गुरुवार सबंध अबोल्यात गेला. दोघी एकाच टेबलावर जेवल्या आणि मीठ हवं असलं तरी हात लांब करून घेतलं. ताईने मुद्दाम तीनदा काहीतरी चुकीचं बोलून पाहिलं. एकदा तर एका देशाची राजधानी भलत्याच देशाला दिली. बाईंनी दुरुस्त केली नाही. ताई रात्री नीट झोपली नाही म्हणतात.

शुक्रवारी दुपारी चार वाजता बाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीत चपला घासल्याचा आवाज आला, मग दार वाजलं. बाई उठल्या. काठी खुर्चीलाच टेकवलेली. खुर्ची रिकामी.

त्या जिन्यात आल्या. लिफ्ट पहिल्या मजल्यावरच थांबली होती, दार उघडं. आणि वरून पावलांचा आवाज येत होता, ठाम, एकेका पायरीवर एकेक. बाई चपला हातात घेऊन, एका मजल्याचं अंतर ठेवून, मांजरासारख्या वर निघाल्या.

दुसऱ्या मजल्यावर दार करकरलंच. "अगंबाई! मोठ्या ताई तुम्ही? लिफ्ट बंद पडली का?"

"नाही," ताईचा आवाज. "उत्तम चालू आहे." आणि पावलं पुढे.

तिसऱ्या मजल्यावर ती थांबली. बाईंना खालून तिचा श्वास ऐकू आला. वाटलं, धावत जाऊन हात धरावा. पण धरला असता तर सरकारने आयुष्यभर माफ केलं नसतं. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या, तेवढाच वेळ, जेवढा वेळ ताई थांबली.

चौथ्या मजल्यावर घंटा वाजली. बाळने दार उघडलं. शुक्रवारी तो लवकर घरी यायचा.

"ताई! लिफ्ट बंद..."

"नाही रे, नाही! सगळ्यांना लिफ्टचीच काळजी. बाळ, नीट ऐक. मी ठणठणीत आहे. महिन्याभरापासून आहे. रविवारी स्टुलावर चढून घड्याळ पुसलं. तिला जाऊ दे."

"महिन्याभरापासून?" बाळचा आवाज चिरकला. आतून भावजय आली, हातात संध्याकाळचा डबा. बाळने तिच्याकडे वळून म्हटलं, "ऐकलंस? आणि तू रोज दोन वेळा डबा देतेयस!"

"भाजीत मीठ कमी असतं," ताई म्हणाली.

आणि तेव्हा ती शांत स्वभावाची भावजय डबा खाली ठेवून म्हणाली, "मला ठाऊक होतं, मोठ्या ताई. गॅलरीतून पाहिलंय मी. फळवाल्याच्या गाडीमागे कोपऱ्यापर्यंत पळालात तुम्ही. शिवाय चप्पल न घसरता."

एक मजला खाली बाईंनी पदर तोंडात कोंबला.

"मग बोलली का नाहीस?" बाळने विचारलं.

भावजय जरा लाजली. "धाकट्या ताई गेल्या, की मोठ्या ताई दिवसभर आपल्याकडे येऊन बसणार. म्हणून म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय."

ताईचे डोळे मोठे झाले. बाळने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण टक्कलापर्यंत लाल झाला. "आणि तुम्ही काय हसता?" भावजय त्याच्याकडे वळली. "ऑफिसची सगळी इंग्रजी पत्रं कोण तपासून देतं यांना? तीन महिन्यांत बढतीचं बोलणं सुरू झालंय. विचारा, धाकट्या ताईंनी जाऊ नये असं यांना का वाटतं ते!"

आता मात्र बाईंना राहवलं नाही. त्या उरलेल्या पायऱ्या चढून, हातात चपला घेऊन दारात उभ्या राहिल्या. तिघांनीही त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिघांनीही मान खाली घातली. परीक्षेत एकाच वहीतून उतरवताना सापडलेली तीन पोरं जशी उभी राहतात, अगदी तशी.

"बाळ," बाई म्हणाल्या, "तुझा कॉम्प्युटर चालू आहे का?"

साडेचार वाजून गेले होते. बाळ स्वतः टंकायला बसला, प्रायश्चित्त म्हणून. बाई मागे उभ्या राहून सांगत होत्या आणि तो चुकत होता. भावजयीने चहा ठेवला. ताई खुर्चीत बसून धाप टाकत होती, पण मधूनच म्हणाली, "'आनंदाने' कशाला लिहितेस? डोक्यावर बसतील. नुसतं 'येते' लिही."

"आनंदाने आहे तर आनंदानेच लिहीन."

"लिही बाई. चुकशील."

पाचला पाच मिनिटं कमी असताना पत्र गेलं. दहाव्या दिवशी बाई गेल्या. निघताना त्यांनी ताईला एक शब्दही उपदेश केला नाही आणि ताईने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. सामानाच्या वजनावरून मात्र दोघी असं कडाडून भांडल्या, की टॅक्सीवाला उतरून लांब जाऊन उभा राहिला.

आठवड्याला एका तासाने काय होणार, तीन महिन्यांत वर्ग पुढे निघून गेला होता. बाईंना एक पायरी खाली, नव्या कोऱ्या पोरांबरोबर बसावं लागलं. पहिल्या आठवड्यात त्या तास सुरू होण्याआधी बाकावर बसून चौकटी भरत असताना फोन वाजला.

"काय करतेस?" ताईने विचारलं.

"पहिल्या यत्तेत बसलेय. तू काय करतेस?"

"मी पत्ते खेळते. तळमजल्यावर तो निवृत्त पोस्टमास्तर नाही का, तो येतो रोज दुपारी. बाळच्या बायकोने पाठवला. फार हुशार आहे ती, मला वाटलं होतं त्यापेक्षा."

"मग बरं चाललंय की!"

"कसलं बरं? काल मी सरळसरळ लबाडी केली, राजा लपवला. त्याने पाहिलं. आणि काय म्हणाला माहितेय? 'असू दे, ताई.' असू दे! अशा माणसाबरोबर कुणी खेळायचं?"

"त्याला शिकव भांडायला. वेळ आहे तुझ्याकडे."

"शिकवतेच आहे," ताई म्हणाली. "आज पहिल्यांदा म्हणाला, 'नाही.' हळू म्हणाला, पण म्हणाला."

दार उघडलं, मॅडम आत आल्या. बाईंनी घाईने फोन ठेवला आणि वही पुढे सरकवली. मॅडमनी वहीकडे एकदाच पाहिलं आणि हात पुढे केला. बाईंनी पर्स उघडून स्वतःचं लाल पेन त्यांच्या हातात दिलं.